गोधड्यांचं पाणी

आमच्या वस्तीच्या डोक्यावरचा बंधारा पूर अडवायला बांधलाय, हे माझ्याशिवाय आता कुणाच्या लक्षात आहे की नाही, देव जाणे. वीस-बावीस वर्षांपूर्वी ओढा असा काही चढला की खालची सात घरं आणि रस्ता घेऊन गेला. मग सरकारनं मातीचा बांध घातला. पावसाळ्यात त्याची झडप उघडी ठेवायची, तलाव निम्मा रिकामा ठेवायचा आणि एकदम पाणी आलं तर ते पोटात घ्यायचं, अशी त्याची रीत. तशी पाटीही होती. पाटीचा पत्रा आता कुणाच्या तरी खुराड्यावर आहे.

पण दौंडच्या या कोरड्या पट्ट्यात भरलेला तलाव सोडून द्या म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. झडप पहिल्याच वर्षी बंद झाली. तलावाच्या कडेला सांडवा आहे, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जायची वाट. तीही दर श्रावणात वाळूची पोती रचून बुजवतात, दोन फूट पाणी जास्त थांबावं म्हणून. पुढाकार पोपटरावांचा. ते गावातले बागायतदार, सोसायटीचे संचालक. पण पोती वाहणारे हात आमच्याच धनगर वस्तीचे, त्यात माझा नवरा मल्हारसुद्धा. कारण बांधाखाली आमच्याही विहिरी आहेत आणि त्यांना पाणी तलावातून पाझरूनच येतं.

यंदा बांधाच्या पायथ्याशी मनगटाएवढा झरा फुटला. बायकांना आनंदीआनंद. लगेच चार दगड मांडले आणि धुणं सुरू झालं. मी एकदा पहाटे, कुणी यायच्या आत तिथं गेले तर पाणी चहासारखं. लोणच्याची रिकामी बरणी भरून घरी आणली. दुपारपर्यंत तळाला बोटभर माती बसली. बांधाची माती बाहेर येतेय म्हणजे बांध आतून पोकळ होतोय, हे कळायला फार शिकावं लागत नाही. आणि बांधाच्या थेट खाली आमची अकरा घरं आहेत. त्यातल्या एका घरात माझी सहा वर्षांची वैष्णवी झोपते.

बांध तपासा म्हणून मी पाटबंधारे खात्याकडं अर्ज केला. दौंडला गेले तर म्हणाले, शिरूरला जा. शिरूरला म्हणाले, तुमचा तलाव आमच्या यादीत नाही. पुन्हा दौंडला. यवतला एसटी बदलून बदलून चपलेचा अंगठा तुटला. चौथ्या खेपेला तलाव यादीत सापडला, पण तपासणी झालेली होती. कारकुनानं फॉर्मच दाखवला. तारीख मे महिन्याची, आणि गळतीच्या रकान्यात 'आढळली नाही'.

"अहो, मे महिन्यात तलावात थेंब नव्हता. गळणार काय, धूळ?"

"मॅडम, पावसाळ्यापूर्वीची तपासणी पावसाळ्यापूर्वीच होते."

मी पिशवीतली बरणी काढून त्याच्या टेबलावर आपटली. "हे इथं नका ठेवू, कागद भिजतील," तो म्हणाला. संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी त्या बरणीचे फोटो जिथं जिथं तक्रार करता येते तिथं तिथं पाठवले. दर सोमवारी फोन केला. घरात मल्हार वैतागला. तो कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला असतो. "तूच कशाला पुढं पुढं करतीस? पोपटराव मला इचारत होते, बायको राजकारणात पडली का म्हणून."

शेवटी इंजिनिअर आले. सत्यजीत नावाचे, तिशीतले, बरे गृहस्थ. पण आले कधी? घटस्थापनेच्या चार दिवस आधी. आमच्याकडं घट बसायच्या आत घरातली एकूण एक गोधडी, वाकळ, पांघरूण धुवून निघालं पाहिजे. साहेब पायथ्याशी पोचले तेव्हा झऱ्याच्या अगदी तोंडाशी पंचवीस बाया गोधड्या आपटत होत्या. वर्षाचा मळ आणि साबणाचा फेस खाली वाहत होता. मी कपाळाला हात लावला.

साहेब झऱ्याजवळ उकिडवे बसले. "पाणी स्वच्छ येत असेल तर चालतं. गढूळ येत असेल तर तलाव लगेच निम्म्यावर आणावा लागेल. झडप उघडायची, पोती काढायची. पण मला इथल्या माणसांचा जबाब पाहिजे. एकट्या ताई म्हणतात म्हणून तलाव सोडला, तर वरून मलाच विचारतील. मूळचं पाणी गढूळ आहे का?"

पोपटराव हसले. "साहेब, समोर बघताय न्हवं? गोधड्यांचं पाणी हाय. गोधड्या धुतल्यावर पाणी गढूळ न्हाई व्हनार तर काय गुलाबपाणी व्हनार?"

बायासुद्धा हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मी पहाटे पाणी भरलंय. तेव्हा कुणी गोधड्या धूत नव्हतं."

साहेबांनी गर्दीत नजर फिरवली आणि माझ्या सासऱ्यांवर थांबवली. सासऱ्यांचं नाव गेणबा, मी त्यांना मामा म्हणते. उभी हयात मेंढरांमागं गेलेली. मातीचं, पाण्याचं, आभाळाचं त्यांना कळतं तेवढं गावात कुणाला कळत नाही आणि वस्ती त्यांचा शब्द मोडत नाही. झरा गढूळ येतोय, पहाटे जाऊन बघ, हे मला त्यांनीच तर सांगितलं होतं.

"आबा, तुम्ही सांगा," साहेब म्हणाले.

मामांनी तलावाकडं पाहिलं, मग आमच्या विहिरीकडं. विहिरीवर दोन एकर कांद्याचं रोप तयार होतं. "गोधड्यांचंच हाय," ते म्हणाले.

साहेबांनी तसं लिहून घेतलं. मामांनी खाली सही केली.

घरी आल्यावर मी त्यांना जेवायला वाढलं नाही. तसं मी कधी केलं नव्हतं. ते स्वतःच भाकरी घेऊन बसले. "प्रतिभा, माझ्या बानं घोटभर पान्यासाठी मुलूख पालथा घातला. माझी निम्मी जिंदगी तशीच गेली. आता दारात पानी हाय. ते मी माझ्या तोंडानं सोडा म्हनू?" मला त्यांचं म्हणणं कळलं. म्हणून तर जास्त राग आला.

मग दोन दिवस पाऊस लागून राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडीप झाली तशी मी पायथ्याला गेले. दोन दिवसांत तिथं कुणी चिंधीसुद्धा धुतली नव्हती. झरा मांडीएवढा झाला होता आणि पाणी लालभडक. वर तलाव पोत्यांना टेकलेला. मी तिथूनच साहेबांना फोन लावला.

"ताई, आधी खालची माणसं हलवा. मी निघतोच."

"माणसं हलायची नाहीत, साहेब. तुमच्या कागदावर भरवसा ठेवून बसलीत."

मी पळत घरी आले. माझ्या शब्दावर वस्ती हलणार नव्हती, मामांच्या हलली असती. पण मामा घरात नव्हते. मागच्या वाड्यात त्यांच्या चौदा मेंढ्या असतात, तो वाडाही मोकळा; दोन दिवस पावसात मी तिकडं फिरकलेच नव्हते. मी पाठीमागचा माळ चढले. वर बाभळीखाली मेंढ्या चरत होत्या आणि मामा घोंगडी घेऊन बसले होते.

"मेंढरं वर कधी आणली?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "साहेब येऊन गेलं त्याच सांजेला."

म्हणजे सही केली त्याच दिवशी. "मामा, मेंढरं आणली. वैष्णवीला का नाही आणलं?"

"तिला आनलं आसतं तर लोकांनी इचारलं आसतं."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या दंडाला धरलं आणि उठवलं. "चला खाली. साहेबांसमोर खोटं बोललात, आता सगळ्यांसमोर खरं बोला." वाटलं होतं हिसडा मारतील. पण ते मुकाट चालू लागले. उतारावर ते दोनदा घसरले. मला दया आली नाही.

मी घरातून वैष्णवीला कडेवर घेतलं. ती दप्तर सोडेना, तर दप्तरासकट घेतलं. पहिलंच घर सगुणाबाईंचं. त्या मामांच्या बरोबरीच्या, दारात तांदूळ निवडत होत्या. मामा त्यांच्यासमोर उभे राहिले.

"सगुणा, पोरंबाळं घेऊन माळावर चल. बांध फुटंल. पानी गोधड्यांचं न्हवतं. मी खोटं बोल्लो."

सगुणाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्यांनी मामांकडं पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून आमच्या मोकळ्या वाड्याकडं.

"गेणबा, तुजी मेंढरं कुठं हायती?"

मामांनी मान खाली घातली. आजूबाजूच्या दारांत माणसं येऊन उभी राहिली होती, सगळी ऐकत होती. सगुणाबाई आत गेल्या, पाळण्यातला नातू उचलला आणि मामांना वळसा घालून माळाच्या वाटेला लागल्या. त्यांच्यामागून एकेक घर बाहेर पडलं. जाताना सगळे मामांना तसाच वळसा घालत होते.