रिचर्डने विचारलं तेव्हा

तेरेझा टीचर विशेषणांच्या बाबतीत भारी खवट. मालवणात तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या, तरी घराच्या पडवीत संध्याकाळचा वर्ग चालूच होता. मराठीत "निळी जुनी लहान होडी" म्हणा, "लहान जुनी निळी होडी" म्हणा, कोणी विचारत नाही. इंग्रजीत तसं चालत नाही. आधी तुमचं मत, मग आकार, मग वय, मग रंग, मग वस्तू कशाची केली ते. "अ ब्यूटिफुल स्मॉल ओल्ड ब्लू वुडन बोट" एका दमात आणि न अडखळता म्हणणारी वर्गात एकच, संचिता. "व्हेरी एक्सलंट" म्हणणाऱ्याची टीचर सालटी काढायच्या. एक्सलंट म्हणजे शेवट, त्याच्यापुढे व्हेरी कुठून आणलास, बाजारातून?

संचिता लक्ष्मीची मुलगी. लक्ष्मी काजूच्या कारखान्यात काजू सोलते. काजूच्या टरफलातल्या चिकाने तिच्या बोटांची कातडी कायम सोललेली. संचिताची बोटं तशी होऊ नयेत एवढीच टीचरांची इच्छा. स्वतःला मूलबाळ नाही, म्हणून जीव सगळा हिच्यात. फी घेतली नाही, आपली साडी फाडून तिला ब्लाउज शिवून दिला, आणि गोव्यातल्या एका मोठ्या हॉटेलात रिसेप्शनची जागा निघाली तेव्हा अर्ज करायला लावला तोही त्यांनीच. जागा एकच. माणसं निवडणारा साहेब म्हणजे टीचरांच्या भावाचा मुलगा, रिचर्ड. आता याहून सोपं काय असायचं?

मुलाखत झकास झाली. दोन मुलींवर गाडी अडली, संचिता आणि म्हापशाची क्लॉडिया. दुसऱ्या दिवशी रिचर्डचा फोन आला. "आंटी, तुमची ती स्टुडंट कशी आहे? खरं खरं सांगा."

आता आमच्याकडची एक खोड सांगायलाच हवी. आमच्या बायका सुरमईचं कालवण असं करतील की पाहुणा बोटं चाटत राहील, आणि वाढताना म्हणतील, "आज काय बरां जमूक नाय." पोरगं पहिलं आलं तर म्हणतील, "गेलां कसांतरी पुढे." आपल्या माणसाला आपल्या तोंडाने चांगलं म्हणायचं नाही. दृष्ट लागते, आणि वर लोक म्हणतात, बघा, कशी मिरवते. ऐकणाऱ्याने उलटं समजून घ्यायचं असतं, आणि इथला प्रत्येक जण घेतोही. आम्ही जितकं वाईट बोलतो, तितका आमचा जीव जडलेला असतो.

टीचरांचा जीव किती जडला होता ते त्यांच्या तोंडून लगेच बाहेर पडलं. "नॉट बॅड," त्या म्हणाल्या. "ऑर्डिनरी गर्ल. अ बिट स्लो. बट शी विल लर्न." बोलताना हसत होत्या. ऊर अभिमानाने भरून आला होता.

रिचर्ड बहरीनमध्ये वाढलेला. त्याने ऐकलं तेवढंच घेतलं.

चार दिवसांनी क्लॉडियाला नोकरी लागली. टीचरांनी तडकाफडकी फोन लावला, आवाज चढला. रिचर्ड शांतपणे म्हणाला, "आंटी, क्लॉडियाचे सर तिला आउटस्टँडिंग म्हणाले. तुम्ही ऑर्डिनरी आणि स्लो म्हणालात. इंग्लिश तुमच्याहून चांगलं कुणाला येतं? मी तुमचाच शब्द धरला."

"अरे, ती सगळ्यांत हुशार आहे," टीचर म्हणाल्या. "मी तसं म्हणाले, कारण ती माझी आहे."

"हे मला कसं कळणार होतं?" रिचर्ड म्हणाला. क्लॉडिया कामावर रुजूही झाली होती.

टीचर तशाच लक्ष्मीच्या घरी गेल्या. तोंड लपवायची त्यांची जात नव्हती. लक्ष्मी अंगणात सुकत टाकलेल्या कोकमांशी बसली होती, संचिता दारात. टीचरांनी सगळं सांगितलं, आपण काय बोललो ते शब्दाशब्दाने सांगितलं, आणि म्हणाल्या, "माझ्यामुळे गेली गो हिची नोकरी."

लक्ष्मी घाईघाईने उठली. दारी आलेल्या टीचरांना रडवून कसं पाठवायचं? "नाय ओ टीचर," ती म्हणाली. "तुमी काय खोटां सांगलास? आमचां चेडू आसाच तसां. साधां, जरा मंद. तेका खंयची गोव्याची नोकरी जमतली?"

प्रेमानेच म्हणाली. टीचरांना ते प्रेम स्वच्छ ऐकू आलं. मग त्यांनी दारात बघितलं. संचिताने मान डोलावली होती.

एकोणीस वर्षं ती हेच ऐकत आली होती, आणि आता इंग्रजीतही तेच निघालं होतं. दोन माणसं, दोन्ही तिच्यावर जीव टाकणारी, आणि दोघींचं एकमत.

"नाय गो," टीचर घाबऱ्या होऊन बोलू लागल्या. "तू हुशार आसस. माझ्या तीस वर्षांत तुझ्यासारख्यां कोणी बघूक नाय मी. सोन्यासारखां चेडू तू." आयुष्यात कुणाला बोलल्या नव्हत्या ते सगळं बोलल्या. आवाज फाटला तरी बोलत राहिल्या.

संचिताने त्यांचा हात धरून त्यांना ओटीवर बसवलं, पाणी आणून दिलं. आजारी माणसाशी बोलावं तसं हळू म्हणाली, "असूं दे टीचर. नोकरी गेली, माका बरां वाटाचां म्हणान सांगतास तुमी. कळता माका."

सोमवारपासून ती आईबरोबर काजू सोलायला जाऊ लागली.