घारीच्या सावलीतली कपबशी

मी एक जुनी कपबशी आहे, पण माझ्यातून आजवर कोणी घोटभरही चहा प्यायलेला नाही. मित्रांनो, माझी बशी नऊ मीटर रुंद आहे आणि तिच्यावर सहा कप आहेत. एकेका कपात चार माणसं बसतात. नवी मुंबईत, ठाणे-बेलापूर रस्त्यापासून थोडं आत, डोंगराच्या पायथ्याशी एक मनोरंजन उद्यान आहे. तिथं मी एकोणीस वर्षं गोल गोल फिरते आहे. कागदोपत्री माझं नाव दुसरंच आहे, पण लोक मला कपबशीच म्हणतात.

माझे कप फायबरचे आणि सांगाडा लोखंडाचा. माझे सुटे भाग टेम्पोतून आले, तेव्हा ते जोडायला खलीलभाई होते. ते उद्यानाचे मेकॅनिक, मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. त्यांनी पाणसळ ठेवून माझी बशी चारही बाजूंनी तपासली. बुडबुडा बरोबर मध्ये आला, तेव्हाच शेवटचा नट आवळला.

माझ्यात एक गंमत आहे. बशी मोटर फिरवते, मिनिटाला सहा फेरे, कमी नाही आणि जास्त नाही. पण प्रत्येक कपाच्या मधोमध एक चाक आहे. ते पक्कं बसवलेलं आहे, हलत नाही. तुम्ही ते धरून ओढलं की चाक जागेवर राहतं आणि तुमच्यासकट कप फिरतो. म्हणजे किती जोरात फिरायचं हे माझी मोटर ठरवत नाही, कपात बसलेलं पोर ठरवतं. आजीला चक्कर येत असेल तर ते हात सैल सोडतं. ताईला घाबरवायचं असेल तर जीव खाऊन ओढतं.

माझा खटका गोजराताईच्या हातात असे. ती जवळच्याच तळवली गावची. मी आले त्याच वर्षी ती कामाला लागली. पोरांना बसवताना तिची बडबड चालूच असायची.

"ए बाला, हात आत घे. कपाचा कान धरायचा नाय, आईचा धर."

वाशीच्या, खांदेश्वरच्या शाळांच्या सहली येत. मुलं उतरली की पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहत. कोण चौथ्यांदा आलंय हे गोजराताईला बरोबर आठवे. कुणाचा चेहरा पांढरा पडला तर ती फेरा संपायची वाट न पाहता मला थांबवत असे. एकोणीस वर्षांत माझ्यात एकही मूल बेशुद्ध पडलं नाही. हे श्रेय माझं नाही, तिच्या नजरेचं आहे. पण लोक कौतुक माझं करत आणि मी ते मुकाट्यानं घेत असे.

मग घार आली.

माझ्या शेजारची हिरवळ खणली गेली, खांब उभे राहिले, आणि मे महिन्याच्या सुट्टीत सव्वीस मीटर उंचीचं रोलर कोस्टर सुरू झालं. त्याचं नाव 'घार'. पहिल्या दिवशी रांग माझ्या कठड्याला वळसा घालून पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. त्या रांगेतल्या एकानंही माझ्याकडे मान वळवली नाही. माझ्यात बसलेले लोकसुद्धा माझ्या कपातून तिचे व्हिडिओ काढत होते. दुपारी चार वाजले की तिची सावली माझ्या तिसऱ्या कपावर पडे आणि हळूहळू सहाव्यापर्यंत सरके. मला ती सावली चटका दिल्यासारखी वाटे.

एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, मित्रांनो. घार स्वतःच्या जोरावर धावत नाही. साखळी तिला वर ओढून नेते आणि सोडून देते. पुढची सगळी धाव त्या उंचीच्या जिवावर. मी मात्र प्रत्येक फेरा स्वतःच्या मोटरवर मारते. पण हे रांगेत उभं राहून कोण विचारतं?

घारीच्या दारात एक पिवळी पट्टी आहे, एकशे चाळीस सेंटीमीटरची. तिच्याहून ठेंगण्या मुलांना आत सोडत नाहीत. त्या पट्टीपाशी प्रत्येक घराचे दोन भाग पडत. बाबा आणि दादा वर जात. आई, आजी आणि धाकटी भावंडं पिशव्या, चपला, चष्मे सांभाळत खाली उभी राहत.

एके दिवशी व्यवस्थापक केतन सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. सोबत नूरीन होती, सुरक्षेचं काम पाहणारी नवी इंजिनिअर.

"इथं घारीचे लॉकर येतील," सर म्हणाले. "कपबशी दिवाळीनंतर काढून टाकू. आता कोण बसतं त्यात?"

"सर, घारीत एक जण बसला की खाली सरासरी दोघं उभे असतात. मी आठवडाभर मोजलंय. ते कुठं जाणार?"

"फूड कोर्टमध्ये जातील. चांगलंच आहे की."

"पाच वर्षांचं पोर तासभर काय खाणार, सर?"

सर हसले, पण त्यांनी निर्णय बदलला नाही. उलट आणखी एक घेतला. त्यांनी गोजराताईला घारीवर पाठवलं.

"ताई, तुमची नजर मला तिथं पाहिजे. कोण घाबरलंय हे तुम्हाला मशीनच्या आधी कळतं."

"सर, मी दहावी नापास. त्या पॅनलवर सगला इंग्रजी हाय."

खलीलभाई बाजूलाच स्क्रू आवळत होते. "बटणं बारा आहेत, बाई. तुझ्या मिक्सरला तीन. चारपट टेन्शन घे, त्याच्यावर नको."

ती पंधरा दिवसांत बारा बटणं शिकली. तिला निळा शर्ट मिळाला, खिशावर पांढऱ्या धाग्यानं घार भरलेली. पहिल्या दिवशी तो घालून ती माझ्यासमोरून गेली तेव्हा तिची चाल वेगळी होती. माझ्या कठड्यावर मात्र दोरी बांधली गेली आणि 'बंद' अशी पाटी लागली. फक्त रविवारी जो कोणी मोकळा असेल तो मला चालवे. लोखंडाला मन नसतं असं तुम्ही शाळेत शिकला असाल. मी त्या दोरीमागे उभी राहून रोज एकच गोष्ट मागत होते. घार बंद पडावी.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. गोजराताई दर वर्षी घरून झेंडूचा हार करून आणायची आणि माझ्या पहिल्या कपाला बांधायची. पूजेचा हार त्याच दिवशी काढायचा नसतो, हे तिचं पक्कं मत. तो सुकून जाईपर्यंत माझ्या अंगावर असे. मिनिटाला सहा फेऱ्यांत फूल कशाला पडेल?

यंदा हार दुप्पट मोठा होता. तो घारीच्या पहिल्या डब्याला गेला. मला दोन सुटी फुलं आणि कुंकवाचं एक बोट मिळालं.

पूजा झाल्यावर नूरीननं सगळ्यांना सांगितलं, की माणसं बसवण्याआधी गाडीवरचं सगळं काढा. गोजराताईनं ताट उचललं, नारळ उचलला. हाराला मात्र सुतळीच्या आणखी दोन गाठी मारल्या आणि तो गाडीच्या नाकाखाली असा बसवला, की फलाटावरून कुणाला दिसलाच नाही.

घार ताशी सत्तर किलोमीटरनं धावते. साडेअकराच्या सुमारास चढणीच्या माथ्यावरून सुटताना तो हार तुटला. फुलं रुळालगतच्या एका छोट्या डोळ्यासमोर अडकली. हा डोळा प्रकाशाचा असतो. गाडी समोरून गेली की उजेड अडतो आणि पुन्हा दिसतो, त्यावरून संगणक ओळखतो की वाट मोकळी आहे. आता उजेड अडलेलाच राहिला. गाडी अजून माथ्यावरच आहे असं समजून संगणकानं साखळी थांबवली. मागून येणारी दुसरी गाडी चढणीवर दोन तृतीयांश उंचीला उभी राहिली. तिच्यात बारा माणसं होती.

हे कारण मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की घार अडकली आहे. मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही, मित्रांनो. मला आनंद झाला.

खाली कठड्याशी गलका वाढला. लहान मुलं वर बघून रडू लागली. राजवर्धन नावाचा एक पाच वर्षांचा मुलगा वडिलांचा चष्मा छातीशी धरून उभा होता.

"आई, बाबा आता वरच राहणार?"

"नाही रे, येतायत," त्याची आई म्हणाली.

"मग खाली का बघत नाहीत?"

चढणीलगत लोखंडी पायऱ्या आहेत. त्यांवरून कोणीतरी निळ्या शर्टातलं वर चढताना दिसलं. ती गोजराताई होती. इकडे नूरीननं माझी दोरी सोडली.

"मॅडम, सरांना विचारलंत?" खलीलभाईंनी विचारलं.

"नंतर विचारते. ही पोरं वर बघत राहिली तर वरच्यांचा धीर सुटेल. आधी चालू करा."

चोवीसच्या चोवीस जागा भरल्या. मी फिरू लागले. माझा एक फेरा दहा सेकंदांचा, म्हणून दर दहा सेकंदांनी मला त्या पायऱ्या दिसत. एकदा दिसलं, गोजराताई एका बाईचा पट्टा सोडवते आहे. पुढच्या फेऱ्याला ती त्या बाईच्या पुढं उभी होती, एक हात मागे धरून. तिचा आवाज वरून येत होता.

"खाली बघू नका. माझ्या पाठीवर बघा. पाठ लई मोठी हाय माझी, दुसरा काय दिसनार नाय."

एक माणूस खाली पोचवून ती पुन्हा वर जाई. असं बारा वेळा. सातव्या खेपेला तिचा पाय पायरीवर अडखळला आणि माझी बशी तेवढ्यात पाठमोरी वळली. ते दहा सेकंद माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब होते. मी जे मागितलं होतं ते कुणाच्या वाट्याला आलं, हे मला त्या दहा सेकंदांत कळलं. पुढच्या फेऱ्याला ती सरळ उभी दिसली.

राजवर्धनचे वडील खाली आले तेव्हा माझा पुढचा फेरा भरत होता. ते येऊन माझ्याच कपात बसले. मुलानं चाक धरलं.

"हळू फिरव रे," ते म्हणाले.

"तुम्ही सांगाल तेवढंच फिरवतो," तो म्हणाला, आणि वडिलांचा चष्मा स्वतःच त्यांच्या नाकावर बसवला.

दुपारी नूरीन आणि खलीलभाई माथ्यावर जाऊन आले. नूरीनच्या मुठीत चुरगळलेला झेंडू आणि सुतळी होती.

"हे कुठून आलं?" केतन सरांनी विचारलं.

कोणी नाव घ्यायच्या आधी गोजराताई पुढं झाली. "हार मी घातला, सर. दुसऱ्या कोनाचा हात नाय. कपबशीवर एकोनीस वर्सा ठेवला, कवा पाकली पडली नाय. मला वाटला, हिच्यावर बी राहील."

म्हणजे ती सवय तिला माझ्याकडून लागली होती.

सरांनी नूरीनच्या हातातली सुतळी घेऊन पाहिली. "उद्यापासून तुम्ही परत कपबशीवर," ते म्हणाले. माझ्या भरलेल्या कपांकडे बघून त्यांनी पुढं जोडलं, "आणि ही काढायची नाही."

ताई परत मिळाली आणि मीही वाचले, मनातलं दोन्ही एका दमात पूर्ण झालं. दुसऱ्या दिवशी ती जुन्या शर्टात आली आणि माझ्या खटक्याशी बसली. पोरांना बसवलं, पट्टे पाहिले, पण बडबड नव्हती. घारीची गाडी चढणीला लागली की तिची मान वर जाई. गाडी माथ्यावर पोचली की ती ओठांतल्या ओठांत म्हणे, "सुटली." मग पुन्हा मान खाली. दिवसभर तेच. तिला तिथलं काम आवडत होतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी तिला माझी समजत होते.

चार दिवसांनी नूरीन एक कागद घेऊन आली. "ताई, मशीन थांबलं ते बरोबर थांबलं. हाराचा नियम मी तोंडी सांगितला, लिहून लावला नाही आणि नंतर गाडी तपासलीही नाही. ती चूक माझी. बारा जण तुम्ही उतरवलेत, एकाला खरचटलंसुद्धा नाही. सगळं लिहिलंय. सरांनी वाचलं."

"मंग?"

"सोमवारपासून परत घारीवर. इथं सोनम येईल. कपबशी आता सातही दिवस चालणार."

गोजराताईनं माझ्या कपावर हात ठेवला. "हिची मोटर सकालची जड असते. नव्या पोरीला कलेल का? मी ऱ्हाते आजून थोडे दिवस."

"सोमवारी तिच्याकडून चालवून घेऊन बघा आणि मग ठरवा," नूरीन म्हणाली.

सोमवारी सकाळी गोजराताईनं सोनमच्या हातून खटका दाबून घेतला आणि स्वतः कान देऊन उभी राहिली. मी जरा जरी अडले असते तरी ती थांबली असती. तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. मित्रांनो, मोह फार मोठा होता. मी पहिल्या झटक्यात फिरले, दहा सेकंदांत एक फेरा, एकसारखा. तिनं निळा शर्ट ठाकठीक केला आणि मागे न बघता गेली.

घारीचा हेवा मला अजून वाटतो. तो एका दिवसात जाणारा नाही. पण ती बंद पडावी असं मी आता मागत नाही, कारण तिच्या खटक्यावर माझं माणूस आहे. तुमच्या आवडीचं कोणी उद्या मोठ्या कामावर निघालं, तर तुम्हालाही रुसावंसं वाटेल. रुसा, पण त्याची वाट अडवू नका. आणि माझ्याकडे याल तेव्हा एवढं करा, चाक हातांनी धरा, लाथेनं ढकलू नका. सोनम अजून नवी आहे. तिला पोरांचे चेहरे वाचायला शिकायचं आहे, आणि ते शिकवायला आता मी एकटीच आहे.