पिवळा थेंब

आमच्या यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि आठवड्याभरात घरात तत्त्वज्ञान शिरलं. तोवर आमच्याकडे फक्त रंगाचे डबे होते.

रंगाचं दुकान आहे आमचं. बाकीच्यांकडे रंग मिसळायला मशीन आलं, आमच्याकडे हे आहेत. गिऱ्हाइकानं भिंतीचा पोपडा आणावा नाहीतर नुसतं तोंडानं सांगावं. हे पांढऱ्या रंगात बाटल्यांतले थेंब टाकत, ढवळत, तो रंग करून देणार. एकेचाळीस वर्षं हेच. रंग जमला की एक ठिपका डब्याच्या झाकणावर आणि एक स्वतःच्या वहीत. मग हे मागच्या नळावर हात धुवायला जातात. हात धुवायला यांना दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांबद्दल सांगतेच.

तर त्या सकाळी हे वही उघडून बसले होते. एकदा हा डोळा झाकायचा, एकदा तो. मी म्हटलं, "अहो, डोळे मारायचं वय गेलं आता."

हसले नाहीत. "इकडे ये. हा साईचा रंग, मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीला दिलेला. जुन्या डोळ्यानं बघितला की साय. नव्या डोळ्यानं बघितला की थंडीत काकडलेल्या माणसाच्या ओठांसारखा निळसर. यातला खरा कुठला?"

"नव्या डोळ्याचा. डॉक्टरांनी भिंग काय उगाच बसवलंय?"

"आणि उद्या याहून चांगलं भिंग निघालं तर? मग पुन्हा तिसराच रंग खरा? अगं, रंग भिंतीवर असतो की डोळ्यात? डोळ्यात असेल तर तू साय म्हणतेस ती तुझी, मी म्हणतो ती माझी. इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण एकच रंग बघितला का आपण कधी? आणि भिंतीवर असेल म्हणावं, तर तो डोळ्याशिवाय बघितलाय कुणी?"

"सकाळी सकाळी डोकं खाऊ नका. तो डबा वाट बघतोय."

पण यांनी ढवळायची काठी हातात घेतलीच नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशीही नाही. आलेल्या गिऱ्हाइकाला मशीनवाल्याकडे पाठवायचे. पाचव्या दिवशी म्हणाले, "वहीतला गेल्या चार वर्षांतला एकही ठिपका नव्या डोळ्याला पटत नाही. चार वर्षं मी लोकांना चुकीचे रंग दिले. एकेकाकडे जाऊन माफी मागतो, आणि मग हे काम बंद. ज्याला स्वतःच्या डोळ्याचा भरवसा नाही त्यानं लोकांच्या भिंतींना हात लावू नये."

काम सुटलं तर हा माणूस खुर्चीत बसून विझून जाईल, हे मला दिसत होतं. आणि हे माफी मागायला गेले तर माझं बिंग फुटणार, हेही दिसत होतं.

कारण भिंती बरोबर होत्या.

चार वर्षांपूर्वी यांचा एक डबा उघडून बघितला, तर कसली साय आणि कसलं काय! डोळ्यावर पिवळट पडदा आलेला, म्हणून यांना सगळं आधीच पिवळं दिसायचं, आणि पिवळा थेंब हे हात राखून टाकायचे. सांगायचं कसं? या माणसाचा डोळा म्हणजेच हा माणूस. म्हणून हे नळावर गेले की मी पिवळी बाटली उघडायची, हवे तेवढे थेंब टाकायचे, ढवळायचं, झाकणावरचा ठिपका पुसून नवा लावायचा. माझे डोळे पहिल्यापासून तल्लख. वहीतल्या ठिपक्याकडे मात्र चार वर्षांत माझं लक्ष गेलं नाही. शहाणी कुठली!

मी दुकानाला कुलूप लावलं आणि यांच्याबरोबर निघाले. मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत यांनी वही भिंतीला लावली, जुना डोळा झाकला आणि बराच वेळ उभे राहिले. बाई म्हणाल्या, "काही चुकलंय का? चार वर्षं येणारा प्रत्येक जण या रंगाचं नाव विचारतो." यांनी वही मिटली. तिथून शिंप्याकडे गेलो. त्याचं दुकान गेल्या हिवाळ्यात याच साईच्या रंगानं रंगवलेलं. तिथंही तसंच, वही भिंतीला आणि हाताची घडी.

परत आल्यावर यांनी कुलूप उघडलं, आत गेले आणि पिवळी बाटली माझ्यापुढे ठेवली. "ही इतकी लवकर कशी संपते, हे मला कधी सुचलंच नाही."

मग माझा तोल गेला. "हो, मीच टाकायची! रागवायचं तर रागवा. तुमचा डोळा गेलाय हे मी तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगणार होते? मला नाही जमलं. भीती वाटली मला." रडायचं नाही ठरवलं होतं, तरी पदर डोळ्याला गेलाच.

हे बाजूला येऊन बसले. "रागवू की काय करू, मलाच कळत नाहीये. मला वाटायचं ते रंग माझे. लोकांना वाटायचं माझे. आणि होते दोघांचे." मग म्हणाले, "शिंप्याची भिंत कशी वाटली तुला?"

"अगदी साय. फर्स्ट क्लास."

"बाईंच्या भिंतीसारखीच?"

"डिट्टो."

हे अगदी हळू आवाजात म्हणाले, "शिंप्याची निळसर आहे गं. वहीइतकी नाही, थोडी. गेल्या वर्षापासून तुझा थेंब कमी पडतोय."

"काहीतरीच! माझे डोळे..." म्हणत मी डावा डोळा झाकला. मग उजवा झाकला. दोन्हींतून सगळं सारखंच दिसत होतं, आणि सगळं अगदी बरोबर दिसत होतं. यांनाही चार वर्षं असंच बरोबर दिसलं असणार.

दुपारी यांनी माझ्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतली. मग एक डबा उघडला, पाच दिवसांनी काठी हातात घेतली, ढवळलं, आणि पिवळी बाटली माझ्याकडे सरकवली. "थेंब तू टाक."

मी एकेक टाकत गेले. माझ्या डोळ्याला पटलं तिथं थांबले. "झालं."

यांनी वाकून बघितलं. "झालं. जा, हात धुवून ये."

मी मागच्या नळावर गेले. पुढून बाटलीचं बूच उघडल्याचा आवाज आला. मी नळ मोठा केला आणि सावकाश, चांगली दहा मिनिटं हात धुतले.