डावी कूस

पहाटे पाठाला बसले की तो संपेपर्यंत उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही, हा माझा नेम लग्नाआधीपासूनचा. पाठ मी अगदी हळू म्हणते. कुणाची झोपमोड नको, आणि देवाला काही कमी ऐकू येत नाही. आमचे हे मागे पलंगावर गाढ झोपलेले असतात, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. "हिची भुणभुण सुरू झाली की मला काय झोप लागते म्हणून सांगू!" असं तेच चारचौघांत सांगायचे.

हे शाळेची बस चालवतात. साखरेचं दुखणं निघालं, गोळ्या वाढल्या, तेव्हा डेपोच्या डॉक्टरांनी त्यांच्या डाव्या दंडावर एक नवीन चकती चिकटवली. कोटाच्या बटणाएवढी. साखरेचा आकडा सारखा फोनवर येत राहतो, बोट टोचायला नको. आमच्या ह्यांना सुईची भीती लहान मुलापेक्षा जास्त. बोट टोचायचं जुनं यंत्र त्यांनी त्याच दिवशी कपाटाच्या वरच्या खणात ढकलून दिलं.

डॉक्टर म्हणाले होते, "थोडे दिवस आकडे बघू. साखर एकदम खाली जात नाही अशी खात्री पटली की बसची चावी परत. नाहीतर मुलांनी भरलेली बस मी तुमच्या हातात देणार नाही."

बरोबरच होतं ते. पण बस गेली तर ह्यांचं काय उरणार, याचा विचारही मला नको वाटायचा. कुठलं पोर कुठल्या कोपऱ्यावर उभं असतं, कुणाला बस लागते, कोण रडत चढतं, सगळं ह्यांना तोंडपाठ.

आणि नेमका पहाटे, माझा पाठ निम्म्यावर आला की, फोन केकाटायला लागला. आकडा पार खाली.

पहिल्यांदा वाजला तेव्हा मी क्षणभर घुटमळले. मग उठले. देव थांबतो, साखर थांबत नाही. मी वळेपर्यंत हे उताणे झालेले होते. ह्यांना उठवून बसवलं, साखरेचं पाणी पाजलं. हळूहळू आकडा वर आला. नेम मोडला म्हणून मी पाठ पहिल्यापासून धरला, हे पुन्हा आडवे झाले, आणि निम्म्यावर येते तोच फोन पुन्हा केकाटला.

असं रोजचंच होऊन बसलं. दिवसभर आकडा छान, रात्री छान, आणि पाठाच्या वेळी बुडालेला. हे चिडचिडे झाले. डेपोत जाणं टाळायला लागले. मी मात्र मनातून हादरले होते. पाठाच्याच वेळी का? माझ्या हातून काही चुकलं का? एकदा सूनबाईजवळ हे बोलले तर ती म्हणाली, "आई, देवाला काही सांगायचं असतं तर तो बाबांच्या दंडातून कशाला सांगेल? सरळ तुम्हालाच नाही का सांगणार, तुमची रोजची ओळख आहे!"

हसले मी. पण धास्ती गेली नाही.

मग एका संध्याकाळी सूनबाई फोनवर बातम्या वाचता वाचता थबकली. आरोग्याच्या पानावर या चकत्यांबद्दल आलं होतं. चकती अंगाखाली दाबली गेली तर तिथल्या कातडीखालचा आकडा खोटाच खाली दिसतो, रक्तातली साखर ठीक असली तरी. दाब गेला की थोड्या वेळानं आकडा आपोआप वर येतो.

"बाबा, तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता?"

"उजव्या. जन्मभर उजव्या. विचार हिला."

मी मान डोलावली. खरंच होतं ते. रात्री माझ्याकडे तोंड करून उजव्या कुशीवरच झोपतात. सूनबाईचा चेहरा पडला. तरी तिनं वरच्या खणातलं यंत्र काढून पुसून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाठाला बसले. निम्म्यावर फोन वाजला. मी उठणार, तेवढ्यात मागून सूनबाईची कुजबुज आली, "आई, तुम्ही बसा. मी आहे." मी पाठ चालू ठेवला, पण सगळे कान मागे.

"बाबा! तुम्ही डाव्या कुशीवर? दंड पार खाली चिरडलाय!"

"हळू बोल. तिचं चाललंय."

"बोट द्या."

"आई गं!" एवढ्याशा सुईला केवढं ते ओरडणं.

जीभ पाठ म्हणत होती, जीव मुठीत होता.

"फोन म्हणतोय चोपन्न," सूनबाई म्हणाली, "आणि रक्त म्हणतंय एकशे बारा. बाबा, तुम्हाला काहीही झालेलं नाही! पण उजवी कूस सोडून तुम्ही इकडे वळलात कशाला?"

हे अपराध्यासारखे म्हणाले, "बसच्या इंजिनाच्या आवाजानं त्या बाजूचा डावा कान गेलाय ना माझा. उजव्या कुशीवर असलो की चांगला कान उशीत जातो. मग हिचं काही ऐकू येत नाही."

"म्हणजे तुम्ही रोज जागे असता?"

"सांगू नकोस तिला."

मी दोन हातांवर होते त्यांच्यापासून. मागे वळायचं नाही, बोलायचं नाही. समोरचा दिवा नुसता पाण्यात हलत होता. कसाबसा पाठ संपवला, हात जोडले आणि डोळे पुसून मागे वळले.

हे उशीवर टेकून बसले होते. "एक ओळ गाळलीस," म्हणाले. "शेवटच्या आधीची."

खरंच गाळली होती. मी पुन्हा पहिल्यापासून धरला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच जरा मोठ्यानं.

डॉक्टरांनी नवीन चकती दंडाऐवजी पोटावर लावली, कुठल्याही कुशीवर दाबली जाऊ नये म्हणून. काही दिवस फोनचा आकडा आणि बोटाचा आकडा शेजारी शेजारी बघितला. "फोन ओरडला की आधी बोट टोचा, जमत नसेल तर साखर घ्या," एवढं बजावलं आणि चावी दिली.

आता पाठ सुरू झाला की मागे पलंग करकरतो. हे कूस बदलतात. फोन गप्प असतो. पाठ संपला की हे उठतात, चावी खिशात घालतात आणि जाता जाता सूनबाईला सांगतात, "आज हिच्या भुणभुणीत काय झोप लागली म्हणून सांगू!"