नूतनच्या टोप्या

सुज्ञ वाचकहो, तापीकाठच्या सारंगखेड्यातील मोहिनीबाई नामक एका मातेची कथा मी आता आपणांपुढे सादर करीत आहे. काळीज घट्ट करून वाचावी, ही विनंती.

मोहिनीबाई दारात आडवी उभी होती आणि न्हाव्याला घरात येऊ देत नव्हती.

तिची नऊ वर्षांची कन्या नूतन रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त होती. सुरतेच्या दवाखान्यात तिने आपल्या डोक्यावरची टोपी काढून दुसऱ्या एका बोडक्या बालकाला घातली. ती वार्ता गावात पोहोचली आणि घरोघरी बालरुग्णांसाठी टोप्या शिवल्या जाऊ लागल्या. त्याच कार्याचा आज पुरुषोत्तमनगर येथे समारंभ होता. परंतु औषधांचा फेरा संपून नूतनच्या डोक्यावर बोटभर केस उगवले होते. मोहिनीबाई रोज सकाळी त्यांना तेल लावी. तेवढेच तिचे ऐश्वर्य होते.

“वहिनी, बॅनरवर बोडकी पोर शे,” टोप्यांच्या समितीचे रतिलालभाऊ म्हणाले. “स्टेजवर केसंवाली दिसनी तं लोके म्हनतीन, बरी व्हयनी. मंग कापड कोन देई?”

“बरी व्हयनी तं तुमले काय दुखस?”

“मन्हं काय शे? सुरतना पोरेसना इचार करा.”

“मंग तुमनं डोकं भादरा! तठे तं आधीच अर्धं वावर मोकळं शे.”

न्हावी हसला. रतिलालभाऊ हसले नाहीत.

“माय, करू दे,” आतून नूतन म्हणाली. “तठे पोरेसना कानले वारा लागस.”

मोहिनीबाई बाजूला सरली. केस इतके बारीक होते, की तिच्या मुठीत राहिले नाहीत. वाऱ्याने ते अंगणभर पांगविले.

समारंभात नूतनला दोन तास उभे ठेवले. टाळ्यांचा कडकडाट झाला, कापडाचे ढीग लागले. दोन आठवड्यांनी रोग परतला. पुन्हा केस येण्याइतका अवधी दैवाने तिला दिला नाही.

बोडक्या नूतनचे बॅनर मात्र शहाद्यापर्यंत लागले. टोप्या आजही येतात. मोहिनीबाई त्या मोजमाप पाहून बांधते व सुरतेला धाडते. तिच्या भिंतीवर आजारापूर्वीची, दोन वेण्यांची नूतन हार घालून टांगलेली आहे.

परवा टोप्या घेऊन आलेली एक भली बाई त्या तसबिरीपुढे थबकली.

“अरे देवा! नूतनले बहीन बी व्हती का? ती बी गयी?”

मोहिनीबाईने तिच्या हातून पिशवी घेतली.

“हा,” ती म्हणाली, “व्हती.”

आपण अमूल्य वेळ देऊन हे लेखन वाचले, याबद्दल सर्व वाचकांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
चुडामण रामदास पटेल, सारंगखेडा