वहिनीच्या पर्समधलं बूच

मी होडी बोलतेय. हसू नका, माझ्या पोटात खण आहे. हो, कपाटाला असतो तसा ओढायचा, पितळी मुठीचा खण. काठावरचे लोक मला ‘कपाट’ म्हणतात. मी आले की एकमेकांना कोपरानं ढोसतात, “आलं बघ कपाट.” म्हणू देत. त्यांच्या होड्यांपैकी एकीला तरी खण आहे का?

त्याचं असं झालं. मला ज्यानं घडवलं तो सुतार जन्मभर कपाटंच करत आला. होडी त्यानं त्याआधी कधी केली नव्हती, आणि माझ्यानंतरही केली नाही. मला घडवताना त्याचा हात आपोआप कपाटाकडे वळायचा. कोपरे काटकोनात आले की जीभ चावायचा, पुन्हा रंधा मारायचा. एक दिवस सवयीनं मला बिजागरीसुद्धा लावून बसला होता. ती काढली, पण खण मात्र राहू दिला. म्हणाला, बिस्किटं ठेवायला होईल.

आता खरी गोष्ट सांगते. मला केलं ते बायकोसाठी. सगळे तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणते. वहिनी शेंगा सोलत बसली होती तेव्हा यानं सुतळी घेऊन तिच्या पाठीचं, कमरेचं माप घेतलं. “स्टूल करतोय,” असं ठोकून दिलं. त्या मापानं माझ्या पुढच्या भागात एक बैठक केली, मागे टेकायला फळी लावली, कडा बोटांनी चाचपून गुळगुळीत केल्या. मग मोठ्या थाटात तिला काठावर आणून मला दाखवलं.

वहिनी म्हणाली, “छान आहे.” आणि चार पावलं मागे सरकली.

लहानपणी ती कुठल्याशा तळ्यात घसरून पडली होती, नाकातोंडात पाणी गेलं होतं. तेव्हापासून तिला बादलीसुद्धा अर्धीच भरलेली चालते. याला हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं, कारण त्यानं विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. नवरा-बायको असेच असतात, माझं निरीक्षण आहे.

तर अकरा वर्षं ती बैठक रिकामी राहिली. बाकी माझी चैन होती हो! दर रविवारी आमची वरात निघायची. वल्ह्यांवर सुतार, मागे त्याची लेक, मधे त्याची बहीण म्हणजे वहिनीची नणंद, आणि शेजारचा चष्मेवाला. नणंदबाई गाणं म्हणायच्या, एकच कडवं यायचं म्हणून तेच म्हणायच्या. चष्मेवाला दर वेळी वाकून मासे बघायचा आणि दर वेळी त्याचा चष्मा पाण्यात पडता पडता राहायचा. लेक एका बाजूनं पाय सोडून बसायची आणि मी मुद्दाम थोडी कलून तिच्या पायांना पाणी लावायची. ती किंचाळली की मला असा काही आनंद व्हायचा की विचारू नका.

पलीकडच्या काठाला पोचलं की पाव-अंडी खायची, उताणं पडायचं, उगाच हसायचं. एवढंच. पण ही मंडळी आठवडाभर त्याचीच वाट बघायची.

आणि वहिनी? ती अलीकडच्या काठावर, घडीच्या खुर्चीत, मांडीवर पर्स घेऊन बसलेली. पण तिच्याशिवाय आमचं पान हलत नसे, कारण बूच तिच्याकडे.

माझ्या तळाला मागच्या बाजूला एक भोक आहे. काठावर ओढून ठेवलं की आत साठलेलं पाणी त्यातून निघून जातं. निघायच्या आधी त्यात रबरी बूच बसवायचं. पहिल्याच वर्षी या शहाण्यांनी तीन बुचं हरवली. एक तर चष्मेवाल्यानं सरबताच्या बाटलीला लावून घरी नेलं. शेवटी वहिनीनं बूच स्वतःच्या पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली. निघताना ती ते सुताराच्या हातात द्यायची आणि तीनदा विचारायची, “बूच बसलं का?” तिसऱ्यांदा “बसलं गं” ऐकलं की खुर्चीत टेकायची. पाण्याला भिणारी बाई आणि सगळ्यांचा जीव तिच्या पर्समध्ये, गंमत आहे की नाही?

मग गेल्या हंगामात सुताराचा खांदा धरला. डॉक्टरांनी सांगितलं, हा रविवार काय तो घ्या, मग वल्ह्याला हात लावायचा नाही. सुतारानं हे बहिणीला सांगितलं, लेकीला सांगितलं, चष्मेवाल्याला सांगितलं. बायकोला सांगितलं नाही. वर सगळ्यांना दम भरला की तिच्या कानावर घालू नका, ती उगाच मनाला लावून घेईल.

चष्मेवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. काठावर येऊन वहिनीच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, “वहिनी, मी तुम्हाला काही सांगणार नाहीये, पण आज शेवटचा रविवार आहे.” पुढचं सगळं ओघानं आलंच.

वहिनी रिकाम्या बैठकीकडे बघत राहिली. बूच पर्समधून काढलं होतं, ते मुठीतच राहिलं. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिनं विचारलं नाही, “बूच बसलं का?”

इकडे कोणाच्या डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ. वहिनीनं विचारलं नाही म्हणजे बसलं असणार, असं चौघांनी धरलं. मला ढकललं, टुणकन उड्या मारून बसले आणि निघाले.

मला आधी गुदगुल्या झाल्या. म्हटलं, हे काय थंडगार आत येतंय? मग नणंदबाईंचं कडवं मधेच थांबलं. त्यांची चप्पल तरंगत होती.

पुढचा गोंधळ काय सांगू! नणंदबाई दुसऱ्या चपलेनं पाणी उपसताहेत, चष्मेवाला चष्म्याच्या डबीनं उपसतोय, लेकीनं खण ओढून काढला आणि त्यानं पाणी फेकायला लागली. सांगायला अभिमान वाटतो, होडी गळत होती पण खण एक थेंब गळला नाही. सुतार टाच भोकावर दाबून ओरडत होता, “अगं, बूच!” लेक म्हणाली, आई, ते फेक. सुतार म्हणाला, तिला फेकू देऊ नका, तिनं फेकलेला चेंडू नेहमी मागे जातो. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? एकदा तळाला गेले की मला कोण वर काढणार?

तेवढ्यात काठावरची खुर्ची रिकामी दिसली.

वहिनी पाण्यात उतरली होती. बूट घालून, पर्स खांद्याला अडकवून, बूच डोक्यावर उंच धरून. डोळे मिटलेले. एकेक पाऊल मोजत येत होती. माझ्यातली चौघंही उपसायची थांबली. ती माझ्यापाशी पोचली, कडेला हात लागला तेव्हा तिनं डोळे उघडले. सुताराला म्हणाली, “सरका.” वाकून आत हात घातला, बूच बसवलं आणि वर मुठीनं दोन दणके दिले.

मग तिनं खाली पाहिलं. पाणी तिच्या गुडघ्याएवढं होतं. चारचौघं धडधाकट माणसं गुडघाभर पाण्यात बुडायला निघाली होती आणि खाली उतरायचं एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही, पण मी होडी आहे.

“खोल कुठून आहे?” तिनं विचारलं.

“त्या मोठ्या दगडाच्या पुढं,” सुतार म्हणाला. “तिथं मात्र खरंच खोल आहे.”

“माझ्यापासून लपवलंत तुम्ही. आज शेवटचा दिवस म्हणे.”

वहिनीनं माझ्या कडेवर पाय टाकला, आत आली आणि बुटातलं पाणी बाहेर ओतलं. पहिल्यांदा त्या बैठकीत बसली. माप इतकं चोख होतं की फळी तिच्या पाठीला तळहातासारखी लागली.

“भिजलेच आहे. चला आता, दगडाच्या पुढं.”

दगड मागे पडला तेव्हा तिनं डोळे पुन्हा घट्ट मिटले आणि माझ्या दोन्ही कडा अशा आवळल्या की मला कळ आली. मी जराही हलले नाही. आयुष्यात एवढी शहाण्यासारखी मी कधी वागले नव्हते. मधोमध आल्यावर तिनं एक डोळा उघडला. मग दुसरा. मग एक बोट पाण्यात बुडवलं आणि ती हसायला लागली. वहिनीचं हसणं उचकीसारखं आहे, एकदा लागलं की थांबत नाही. नणंदबाई हसल्या, चष्मेवाला हसला आणि त्याचा चष्मा अखेर पडला पाण्यात. तोही हसतच पडलेल्या जागेकडे बघत राहिला. मला तर आनंदानं गरगरलं. पावांचा लगदा झाला होता, तोही सगळ्यांनी खाल्ला.

परतताना सुताराचा खांदा मधेच अडला. दुखणं चेहऱ्यावरून कळत होतं. वहिनीनं वल्ही हातात घेतली आणि आम्ही पाऊण तास जागच्या जागी गोल फिरलो.

त्याला आता वर्ष होईल. वल्ही वहिनीकडे आहेत. आठवडाभर घरात स्टुलावर बसून दोन झाडूंनी सराव करते म्हणे. अजूनही आम्ही दगडाला एक फेरी जास्तच घालतो. काठावरचे म्हणतात, कपाटाला चक्कर आली. माझा रंग उडालाय, एक फळी कुरकुरते, खणाची मूठ सैल झालीय. तरी या, बसा कधीतरी. तुमच्या घरातलं कोणी काठावर पर्स धरून बसत असेल, तर त्यालाही आणा. मी हलणार नाही, शब्द देते.

सुतार पुढच्या बैठकीत बसतो, अंग चोरून. परवा वहिनी म्हणाली, “अहो, ती काढा आणि तुमच्या मापाची करा ना.”

“नको,” तो म्हणाला. “ती तुझी आहे. तुझे हात दुखले की मी सरकेन.”

मग त्यानं तीनदा विचारलं, बूच बसलं का, आणि आम्ही निघालो.