बीमखालचा टेकू

वाळूजच्या एका कारखान्यात माळा वाढवायचं काम राजेंद्रनं घेतलं होतं. वर चढून बोल्ट आवळायला नेहमीसारखा जब्बार होता. कितीतरी वर्षं दोघांनी जोडीनंच शेडं उभी केली होती.

माळ्याचं ओझं पेलणारा जुना बीम खांबाला बोल्टनं बसवलेला होता. नवा बीम खांबाच्या दुसऱ्या अंगानं, त्याच भोकांतून जोडायचा होता. म्हणजे जुने बोल्ट काढून लांब बोल्ट घालणं आलं, आणि तेवढा वेळ जुना बीम जवळपास अधांतरीच.

"आधी खालून टेकू लावू," जब्बार म्हणाला.

टेकूचे पाइप पलीकडच्या शेडात पडले होते. ऊन मी म्हणत होतं, नवा बीम उचलून क्रेन केव्हाची ताटकळली होती. ते पाइप ओढत आणायचा राजेंद्रला कंटाळा आला. खरं कारण एवढंच.

"दोन काढू, दोन धरत्यात की. किती डाव केलंय आपण असं!"

"तवा वर माल नव्हता, भाऊ. लावू ना टेकू."

"आता भ्या वाटाया लागलं व्हय तुला?" राजेंद्र हसत म्हणाला. खालची माणसंही हसली.

जब्बारनं पाना कमरेला खोचला आणि तो शिडी चढला.

वरचे दोन बोल्ट निघाले, पण नव्या बीमची भोकं जुळेनात. राजेंद्र खालून ओरडला, "खालचा एक बी काढ, म्हंजी जुळंल!" जब्बारनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. मग काढला. तसा उरलेल्या एका बोल्टवर जुना बीम कलला आणि वीतभर खाली येऊन खांबाच्या पट्टीवर आदळला. मध्ये जब्बारचा उजवा हात सापडला.

घाटी दवाखान्यात त्याची तीन बोटं काढावी लागली. विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला जब्बार सांगत होता, "माझाच हात चुकला." राजेंद्र शेजारीच उभा होता.

काम पुरं करायचंच होतं. या वेळी राजेंद्रनं स्वतः पाइप वाहून आणले. टेकू उभे करायला जेवणाच्या सुट्टीएवढाही वेळ लागला नाही.

मग एका संध्याकाळी तो जब्बारच्या घरी गेला. जब्बारची बायको, गजाला, दोघांपुढं चहा ठेवून आत गेली. जब्बारनं डाव्या हातानं कप उचलला, थोडा चहा सांडला.

"बीम बसला?"

"बसला."

"टेकू लावला व्हता?"

राजेंद्रनं मान हलवली.

"बरं केलं," जब्बार म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच राजेंद्रला सोसेना.

"जब्बार, त्या दिशी मी तुला भ्यालास म्हणलो..."

"भ्यालोच व्हतो, भाऊ. लई भ्यालो व्हतो. पर तू म्हणला, लोकं हसली, म्हणून चढलो."

राजेंद्रनं चहा संपवला. शेवटी राजेंद्र म्हणाला, "बरा झाला की ये. वर नको चढू. खाली उभा राहा, पोरांना सांग कसं करायचं ते."

"नाय जमायचं. खाली उभं राहून दुसऱ्याला चढ म्हणणं मला नाय व्हायचं."

राजेंद्रनं पुढं दुसरी माणसं घेतली. कामं मिळत राहिली. जब्बार आता शहागंजात मेहुण्याच्या दुकानात बसतो. राजेंद्रला तिकडं काम निघालं, तर तो मागच्या गल्लीनं जातो.